टेस्ट बटण दाबलं की आरसीसीबी पडतो, माणसाला करंट बसला की पडत नाही: ऑफ-ग्रिड सोलर घरांची पावसाळी तक्रार

जून लागला की कांदाटी खोऱ्यातून, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या वस्त्यांवरून आणि इकडे सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीच्या मळ्यांमधून, महावितरणची लाइन नसलेल्या ऑफ-ग्रिड सोलर घरांतून, एकाच धर्तीचे फोन सुरू होतात. "दादा, फ्रिजला हात लावला की करंट मारतोय. बोर्डात आरसीसीबी आहे. बटण दाबलं की पडतोय, पण करंट बसल्यावर पडत नाही." मग कुणी आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडून (ट्रिप होऊन) सर्किट तोडणारा बोर्डातला स्विच, बदलतं, कुणी फ्रिज दुकानात घेऊन जातं, कुणी अंगणात मीठ-कोळशाचा नवा अर्थिंगचा खड्डा घेतं. दिवाळीपर्यंत तक्रार आपोआप जाते. पुढच्या पावसात पुन्हा येते.

अशा बहुतेक घरांत आरसीसीबी चांगला असतो, फ्रिजही चांगला असतो. चूक असते ती इन्व्हर्टरच्या आउटपुटला. तिथला न्यूट्रल अर्थला कुठेच जोडलेला नसतो, आणि तो जोडल्याशिवाय आरसीसीबी माणसाला वाचवू शकत नाही. सोलर बसवताना पॅनेल, बॅटरी, कंट्रोलर यांची चौकशी सगळे करतात. ही एक वायर कुणी विचारत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

बटण खोटा दिलासा का देतं

आरसीसीबीतून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला, तर तो गप्प राहतो. मधला थोडा करंट दुसऱ्या वाटेने, म्हणजे माणसातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, तर दोन्हींत फरक पडतो आणि तो सर्किट तोडतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरचा असतो. एवढा फरक आला की त्याने ०.३ सेकंदाच्या आत पडलंच पाहिजे.

महावितरणच्या लाइनवर हे जमतं, कारण ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल डीपीजवळ जमिनीत गाडलेला असतो. जमिनीत गेलेला करंट तिथून परत जातो, आरसीसीबीला वळसा घालून. वस्तीवरच्या इन्व्हर्टरला असा ट्रान्सफॉर्मर नाही आणि डीपीही नाही. त्याच्या आउटपुटच्या दोन्ही वायरी जमिनीपासून तुटलेल्या, अधांतरी असतात. आपण एकीला फेज म्हणतो, दुसरीला न्यूट्रल, एवढंच. जमिनीच्या हिशेबाने दोघी सारख्याच.

आता टेस्ट बटण. बटण दाबलं की आतला एक रेझिस्टर आरसीसीबीच्या एका बाजूची फेज दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रलला जोडतो. असा फरक मुद्दाम तयार केला जातो आणि तो पडतो. या सगळ्यात अर्थ वायरचा काडीचाही संबंध येत नाही. घरात अर्थिंगच नसलं तरी बटणाला आरसीसीबी पडणारच. बटण सांगतं ते इतकंच, की आतली यंत्रणा अडकलेली नाही. तुमच्या घरात माणसाला करंट बसला तर काय होईल, हे त्या बटणाला कळायचं काही कारण नाही.

मग पावसातच का?

दोन्ही वायरी खरोखर अधांतरी असतील आणि वायरिंग कोरडं खणखणीत असेल, तर एका वायरीला हात लागूनही जोराचा झटका बसत नाही, कारण करंटला परत जायला वाट नसते. उन्हाळ्यात तक्रार नसते ती त्यामुळे. टीव्ही, चार्जर, इन्व्हर्टरवाला फ्रिज यांच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यामुळे अर्थ न केलेल्या बॉडीला हलक्या मुंग्या येतात. बाराही महिने येतात त्या ह्या. तो करंट अगदी बारीक असतो आणि बॉडीला अर्थ वायर नीट जोडली की बंद होतो.

पाऊस सुरू झाला की चित्र बदलतं. पडवीतला होल्डर भिजतो, भिंतीतल्या पाइपात पाणी उतरतं, गोठ्यातल्या बोर्डात ओल धरते. जतकडच्या मळ्यांत बोअरमधल्या सबमर्सिबलच्या केबलचा जॉइंट पाण्यात उघडा पडलेला असतो. या ओलीतून दोन वायरींपैकी एक जमिनीला टेकते. कुठली, ते कुणी ठरवत नाही, ओल ठरवते. न्यूट्रल टेकला तर फेज जमिनीच्या मानाने २३० व्होल्टच्या आसपास जाते. फेज टेकली तर ज्याला आपण न्यूट्रल म्हणतो तीच वायर जिवंत होते. आणि आपल्या घरांतली बटणं फक्त फेज तोडतात, त्यामुळे बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये करंट राहतो.

अशा वेळी ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून कुणी दुसऱ्या वायरीशी लागलेल्या बॉडीला हात लावला, की वाट पूर्ण होते. एका वायरीतून माणसात, माणसातून जमिनीत, जमिनीतून त्या भिजलेल्या होल्डरमधून दुसऱ्या वायरीत. ही सगळी वाट आरसीसीबीच्या पुढे, घराच्या बाजूला आहे. त्याच्यातून जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो. त्याच्या लेखी तो माणूस म्हणजे घरात लावलेला आणखी एक बल्ब. म्हणून तो पडत नाही.

एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की पडणारा स्विच, वाचवेल असं वाटत असेल तर तेही नाही. सी प्रकारचा १६ ॲम्पिअरचा एमसीबी झटकन पडायला ८० ते १६० ॲम्पिअर लागतात. एक किलोव्होल्ट-ॲम्पिअरचा इन्व्हर्टर पूर्ण लोडला जेमतेम ४.३ ॲम्पिअर देतो. शॉर्ट झालं तर इन्व्हर्टर आधी स्वतःच बंद पडतो, एमसीबीला पत्ताही लागत नाही.

तपासणी

ही तपासणी आणि पुढची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. घरमालकाने वाचायचं ते वायरमनला नेमकं काय विचारायचं हे कळावं म्हणून. तपासताना घरातल्या कुणीही फ्रिज, पंप, गिझर, नळ यांना हात लावू नये.

पहिली खूण टेस्टरची. दोन्ही वायरींवर टेस्टरचा दिवा मंद लागत असेल, तर आउटपुट अधांतरी आहे हे जवळजवळ नक्की. यावर "न्यूट्रल रिटर्न येतोय" असं म्हणून वायरी उलटसुलट करणारे बरेच भेटतात. त्याने काहीही होत नाही.

मग मल्टिमीटरने तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. फेज-न्यूट्रल २३० आणि बाकीची दोन्ही शंभर-सव्वाशेच्या आसपास हलत असतील, तर वायरी अधांतरी आहेत. न्यूट्रल-अर्थ दोनशेच्या वर आणि फेज-अर्थ अगदी कमी आलं, तर फेज कुठेतरी ओलीतून जमिनीला लागली आहे. हे घर सर्वांत धोक्याचं, तिथे ताबडतोब इन्व्हर्टर बंद करा.

फसवणारी आहे ती तिसरी शक्यता. फेज-अर्थ २२०, न्यूट्रल-अर्थ दहा-पंधरा. वरवर पाहता सगळं ठीक. पण हे खऱ्या जोडणीमुळेही येतं आणि न्यूट्रल ओलीतून टेकल्यामुळेही. फरक कळायला फिलामेंटचा जुना ४० वॅटचा बल्ब लागतो. एलईडी चालत नाही, तो थोड्याशा करंटवरही लुकलुकतो. आरसीसीबीच्या पुढच्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात हा बल्ब क्षणभर जोडा. तो साधारण १७० मिलिॲम्पिअर ओढतो, म्हणजे ३० च्या कितीतरी वर. जोडणी खरी असेल तर आरसीसीबी त्याच क्षणी पडतो. बल्बही लागत नाही, आरसीसीबीही पडत नाही आणि मीटरवरचं व्होल्टेज कोसळतं, असं झालं तर ते २२० व्होल्ट पोकळ होते. आरसीसीबी तपासायला सॉकेटमध्ये खोचायचे आरसीडी टेस्टर मिळतात, तेही हेच काम ३० मिलिॲम्पिअरवर करतात. शक्य असेल तर तेच वापरा.

दुरुस्ती: एक वायर, एकाच ठिकाणी

इन्व्हर्टरच्या आउटपुटमधून वायरी निघाल्या की आधी दोन पोलचा एमसीबी. त्यानंतर, आरसीसीबीच्या आधी, न्यूट्रल अर्थ बारला, म्हणजे सगळ्या अर्थ वायरी एकत्र येतात त्या पट्टीला, जोडायचा. जोडाची वायर न्यूट्रलएवढीच जाड, तांब्याची, लग लावून घट्ट. त्यानंतर आरसीसीबी आणि मग घराचे सर्किट. आरसीसीबीच्या पुढे न्यूट्रल आणि अर्थ पुन्हा कुठेही भेटता कामा नयेत. इन्व्हर्टरची बॉडी, पॅनेलचा सांगाडा आणि घरातला प्रत्येक सॉकेट त्याच अर्थ बारवर.

जोडण्याआधी इन्व्हर्टरचं मॅन्युअल काढून पाहणं सक्तीचं समजा. ज्यांच्या आतला जड तांब्याचा ट्रान्सफॉर्मर आउटपुटला पूर्ण वेगळा ठेवतो, अशा इन्व्हर्टरना न्यूट्रल अर्थ केलेला बहुधा चालतो. काही हलक्या, स्वस्त इन्व्हर्टरमध्ये आउटपुटच्या दोन्ही वायरी आतून बॉडीच्या संदर्भाने बांधलेल्या असतात. त्यांचा न्यूट्रल अर्थला लावला की आतले मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे भाग, जळतात. म्हणून थेट जोड देण्याआधी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तोच ४० वॅटचा बल्ब लावून पाहा. बल्ब पेटला तर जोड द्यायचा नाही. पेटला नाही आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज शून्यावर आलं, तर पुढे जाता येतं, पण मॅन्युअल नाही म्हणत असेल तर बल्ब काहीही म्हणो, नाहीच. अशा इन्व्हर्टरवर आरसीसीबी बसवून सुरक्षिततेचं समाधान मानू नका, इन्व्हर्टर बदला.

ज्या इन्व्हर्टरला पॅनेलची लांब स्ट्रिंग, म्हणजे शंभर-दोनशे व्होल्टच्या वरचं डीसी, थेट जातं आणि आत ट्रान्सफॉर्मर नाही, तिथे पॅनेलच्या प्लस किंवा मायनस वायरीला अर्थ करायचं नाही. सांगाडा करायचा, वायर नाही. अशा ठिकाणी साधा एसी प्रकारचा आरसीसीबीही पुरत नाही. डीसी गळती आली तर तो आंधळा होऊ शकतो. कुठला प्रकार चालेल हे इन्व्हर्टर बनवणाऱ्याने लेखी दिलेलं असतं, नसेल तर बी प्रकार घ्यायचा.

जोडल्यावर ट्रिपिंग सुरू होतं, आणि इथेच सगळं पुन्हा बिघडतं

माझ्या मते ही तक्रार दरवर्षी परत येण्याचं खरं कारण हे आहे. वायरमन नीट जोड देतो. दुसऱ्या दिवसापासून आरसीसीबी पडायला लागतो. रात्री घरात अंधार, मुलांचा अभ्यास अडतो, फोन येतो. मग दुसरा कुणी वायरमन येतो, जोड सोडतो, ट्रिपिंग थांबतं. घरचे त्याला धन्यवाद देतात आणि पहिल्याने काम बिघडवलं असं ठरतं.

जोड दिल्यावर आरसीसीबी पडतोय याचा अर्थ घरात गळती आधीपासून आहे, आता ती दिसायला लागली. जोड सोडला की गळती जात नाही, दिसायची बंद होते. त्यामुळे माझं कळकळीचं सांगणं: जोड सोडू नका, गळती शोधा. एखाद-दोन दिवस अर्ध्या घरात वीज नसली तरी चालेल. कंदील परवडतो.

शोधायची रीत अशी. सगळे एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा. टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा, ज्याने पडेल त्या सर्किटमध्ये गळती. पण पुष्कळदा सगळे एमसीबी खाली असताना तो टिकतो, आणि घरात थोडा लोड लागला की किंवा एमसीबी एकत्र वर केले की कधी पडतो, कधी नाही. तेव्हा दोष न्यूट्रलमध्ये असतो. एक पोलचे एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल सगळे न्यूट्रलच्या बारवर जोडलेलेच राहतात. म्हणून इन्व्हर्टर बंद करून त्या बारवरचे न्यूट्रल एकेक करून सोडा आणि प्रत्येकाचं अर्थशी मीटरने माप घ्या. कुठेतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थच्या पिनमध्ये कुणीतरी तुकडा टाकलेला सापडेल. अर्थ वायर नाही म्हणून तिसऱ्या पिनला न्यूट्रल जोडायची ही सवय आपल्याकडे अजून आहे, आणि ती जीवघेणी आहे. न्यूट्रल मध्येच कुठे तुटला तर फ्रिजची सगळी बॉडी फेज होते.

मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं मीटर, असेल तर काम लवकर होतं. इन्व्हर्टर, टीव्ही, एलईडी, चार्जर सगळं काढून ५०० व्होल्ट डीसीवर वायरी आणि अर्थ यांच्यात माप घ्या. एक मेगओहमच्या खाली आलं तर ते सर्किट वापरायचं नाही. कोरड्या मे महिन्यात हे माप उत्तम येईल, म्हणून पावसाची दोन-चार झडी होऊन गेल्यावर घ्या.

सापडणारी ठिकाणं ठरलेली आहेत. पश्चिमेकडे जावळी-पाटणात पडवीतला होल्डर, न्हाणीघरातला पाणी तापवायचा रॉड, बाहेरच्या भिंतीवरचा बोर्ड. पूर्वेकडे जत, कवठेमहांकाळ, आटपाडीत जवळजवळ नेहमी पंपाची केबल. टेपने केलेला जॉइंट पाण्यात टिकत नाही. तिथे आवळणारी स्लीव्ह किंवा रेझिनचा जॉइंट लागतो.

खड्ड्यापेक्षा हिरवी वायर

करंट बसला की लोक आधी अर्थिंगच्या खड्ड्याकडे धावतात. पाचगणी, महाबळेश्वर, कासच्या माथ्यावर वर जांभा आणि खाली काळा पाषाण. तिथे उन्हाळ्यात अर्थचा रेझिस्टन्स पाच ओहमपर्यंत आणणं खरंच अवघड असतं, आणि त्यात बराच पैसा जातो. झटक्यापासून संरक्षणाच्या दृष्टीने मात्र हिशेब वेगळा आहे. वर सांगितलेली जोडणी केली की फ्रिजच्या आत फेज बॉडीला लागली तर करंट मातीतून जातच नाही. तो हिरव्या अर्थ वायरीने अर्थ बारवर आणि तिथून जोडाने न्यूट्रलवर जातो, सगळा तांब्यातून. आरसीसीबी लगेच पडतो. ज्या वेळी करंट मातीतूनच जातो, तेव्हाही ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीला शंभर-दोनशे ओहमची माती अडवू शकत नाही. ५० व्होल्ट ही सुरक्षित मर्यादा धरून हिशेब केला तर १,६०० ओहमच्या वर जावं लागतं.

म्हणून खर्च आधी तिसऱ्या वायरीवर करा. जुन्या घरांत वायरिंग दोन वायरींचं असतं, सॉकेटमधलं वरचं मोठं भोक रिकामं. फ्रिजच्या तीन पिनी प्लगला दोन पिनी ॲडॉप्टर लावलेला असतो. असा फ्रिज कितीही चांगल्या खड्ड्याशेजारी ठेवला तरी त्याला अर्थ नाही.

खड्ड्याची गरज आकाशातल्या विजेसाठी आहेच. वळवाच्या पावसात माथ्यावरच्या घरांना कडकडाटाचा धोका मोठा, आणि पॅनेलजवळचा एसपीडी, म्हणजे विजेचा जादा दाब जमिनीत सोडणारं उपकरण, चांगल्या अर्थशिवाय निरुपयोगी. दोन-तीन खड्डे घेतले असतील तर ते आपसांत जाड वायरीने जोडा. वेगळे ठेवले तर वीज पडल्यावर त्यांच्यामध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो घरातून वाट काढतो. खड्डा सावलीत, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर घ्या.

बिल घेताना

आरसीसीबीवर आयएस १२६४० आणि आयएसआयची खूण पाहा. इन्व्हर्टरच्या सुरक्षिततेसाठी आयएस १६२२१, पॅनेलच्या सुरक्षिततेसाठी आयएस/आयईसी ६१७३०. नव आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१७ च्या आदेशाने यांची नोंदणी सक्तीची केली. अर्थिंगची पद्धत आयएस ३०४३ मध्ये आहे, घराच्या वायरिंगची आयएस ७३२ मध्ये. कोटेशनमध्ये "न्यूट्रल-अर्थ जोड इन्व्हर्टर आउटपुटला, आरसीसीबीच्या आधी, एकाच ठिकाणी" आणि "काम झाल्यावर फेज-अर्थ चाचणी घेऊन आरसीसीबी पाडून दाखवणे" ही दोन वाक्यं लिहून घ्या. पैसे देताना बटण दाबून दाखवलेलं मान्य करू नका, सॉकेटमध्ये आरसीडी टेस्टर लावून दाखवायला सांगा.

जनरेटर असेल किंवा पुढे महावितरणची लाइन आली तर

छोट्या पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रलही बहुधा अधांतरीच असतो, त्यामुळे त्याच्यावर घर चालवताना हाच प्रश्न जसाच्या तसा येतो. दोन पोलचा चेंजओव्हर स्विच बसवा आणि जनरेटरचा जोड जनरेटरच्या बाजूला, इन्व्हर्टरचा इन्व्हर्टरच्या बाजूला द्या. एका वेळी एकच जोड चालू राहिला पाहिजे.

महावितरणची लाइन इन्व्हर्टरच्या इनपुटलाच दिली आणि इन्व्हर्टर न्यूट्रल सरळ पुढे सोडत असेल, तर जुना कायमचा जोड त्या दिवशीच काढावा लागतो. नाहीतर गावातल्या न्यूट्रलचा करंट तुमच्या अर्थमधून वाहायला लागेल, आणि मीटरजवळ आरसीसीबी असेल तर तो टिकणार नाही. पण लाइन गेली की इन्व्हर्टर पुन्हा अधांतरी होतो. त्यासाठी बॅटरीवर जाताना न्यूट्रल स्वतः अर्थला जोडणारा आणि लाइन आल्यावर सोडणारा रिले आत असलेला इन्व्हर्टर घ्या. काही हायब्रिड मॉडेलमध्ये ही सोय सेटिंगमध्ये असते आणि कारखान्यातून बंद येते. ती चालू केल्यावर फेज-अर्थ चाचणी दोनदा घ्या, एकदा लाइन असताना आणि एकदा मेन स्विच खाली करून.